भरतीचं ग्राउंड आणि शरीराचं वेळापत्रक

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या नवलाख उंबऱ्याच्या परिसरात पहाटेचे रस्ते जागे होतात. एमआयडीसीच्या सिमेंट रस्त्यावर कंपन्यांच्या बस सुरू व्हायच्या आधी पोरं धावताना दिसतात. कुणाच्या तोंडाला काळा रबरी मास्क, कुणाच्या पोटाला प्लास्टिक गुंडाळलेलं, कुणाच्या अंगात भर एप्रिलमध्ये जर्किन. महिना-दीड महिना हा उत्साह टिकतो. मग एकेक जण दिसेनासा होतो. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "सर, नडगी धरलीय. डॉक्टर थांब म्हणालेत."

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग वाचणाऱ्याने पटतंय का ते ठरवावं. या मुलांमध्ये जिद्द कमी नाही. त्यांना शरीराचं वेळापत्रक कुणी शिकवलेलं नाही, आणि ते शिकवण्याची जागा शाळा होती. दहावीच्या विज्ञानात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' हा पाठ आहे. ऑक्सिश्वसन, विनॉक्सिश्वसन, तंतुकणिका, एटीपी सगळं त्यात आहे. मुलं ते पाठ करतात, आकृती काढतात, गुण मिळवतात. त्याच मुलांचा शारीरिक शिक्षणाचा तास मात्र जानेवारीत 'पोर्शन राहिलाय' म्हणून गणिताला किंवा इंग्रजीला जातो. आणि तीन वर्षांनी हाच मुलगा साठ दिवसांत १६०० मीटर मारायला निघतो.

आता हे १६०० मीटर म्हणजे काय ते नीट बघू. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असे तीन प्रकार मिळून ५० गुण असतात. त्यातले २० गुण एकट्या १६०० मीटरला. पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यायला लागतं. म्हणजे सलग पाच मिनिटं ताशी साडेअठरा किलोमीटरचा वेग. मुलींना याच जागी ८०० मीटर. राज्य राखीव पोलीस बलाला जायचं असेल तर ५ किलोमीटर. मुलांचा समज असा की १६०० मीटर हा 'ताकदीचा' खेळ आहे, म्हणून जोर-बैठका आणि फुल स्पीडच्या फेऱ्या. प्रत्यक्षात या अंतराला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चार पंचमांश भाग ऑक्सिश्वसनातून येतो. पाठ्यपुस्तकातली ती कंटाळवाणी वाटणारी प्रक्रियाच इथे निकाल ठरवते.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. जोरात धावताना तेच २० ते २५ लिटरवर जातं, चांगल्या धावपटूत त्याहूनही वर. बसलेले असताना स्नायूंच्या वाट्याला त्यातलं जेमतेम पंधरा-वीस टक्के रक्त येतं. धावताना शरीर पोट-आतड्यांकडचं रक्त आवरतं आणि ऐंशी टक्क्यांच्या आसपास रक्त पायांकडे वळवतं. म्हणून भरपेट पोहे खाऊन धावलं की पोट आणि पाय दोघंही एकाच रक्तावर हक्क सांगतात आणि बरगडीत कळ येते. आजी "जेवून पळू नको रे" म्हणायची, ती बरोबरच म्हणायची.

हे सगळे बदल काही सेकंदांत होतात. शिट्टी वाजायच्या आधीच नाडी चढायला लागते. गंमत म्हणून वर्गात करून बघा. मुलांना मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायला लावा, मग म्हणा, "आता उठून एकेकाने फळ्यावर उत्तर लिहायचंय." कुणी जागचं हललेलं नसतं, तरी नाडी वाढते.

पण हे झालं तात्पुरतं उत्तर. रोजच्या व्यायामाला शरीर जे कायमचं उत्तर देतं त्याला वेळ लागतो, आणि तो प्रत्येक अवयवाचा वेगळा असतो. सगळी गडबड इथेच होते. नियमित धावायला लागल्यावर पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत रक्तातला द्रवभाग, म्हणजे रक्तद्रव, वाढतो. हृदयात दर ठोक्याला जास्त रक्त भरतं, तेवढंच अंतर कमी ठोक्यांत होतं, आणि पोराला वाटतं, 'आपला स्टॅमिना वाढला.' वाढलेला असतोच. चार ते सहा आठवड्यांत स्नायूंतल्या तंतुकणिका वाढू लागतात, केशवाहिन्यांचं जाळं दाट होऊ लागतं. दम कमी लागतो. मुलगा खूश, त्याचे मित्र खूश. दोनाच्या चार फेऱ्या होतात, चाराच्या आठ.

आणि नडगीचं हाड अजून पहिल्याच धड्यावर असतं!

हाड म्हणजे दगड नव्हे, ती जिवंत ऊती आहे. त्याच्यावर नवा भार आला की ते स्वतःची डागडुजी काढतं. या डागडुजीचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. आधी जुना भाग पोखरून काढला जातो आणि नंतर तिथे नवा भरला जातो. घराची भिंत नव्याने बांधायची तर आधी जुनी पाडावी लागते, तसंच. पाडायचं काम काही आठवड्यांत होतं, भरायचं काम तीन-चार महिने चालतं. मधल्या काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढे, हाड पहिल्यापेक्षा थोडं नाजूक असतं. नेमक्या याच दिवसांत आपल्या पोराचा दम वाढलेला असतो आणि तो सिमेंटच्या रस्त्यावर अंतर दुप्पट करतो. हृदय आणि फुप्फुसं 'चल' म्हणतात, नडगी 'थांब' म्हणते. नडगीचं कोण ऐकणार?

हा काही आजचा शोध नाही. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या एका डॉक्टरने, ब्राइटहाउप्टने, लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात हे लिहून ठेवलं होतं. त्या वेळी क्ष-किरणही सापडले नव्हते. पुढे कळलं की ती पावलाच्या हाडाला गेलेली बारीक चीर असते. नव्या रंगरुटांचा हा आजार जगभरच्या सैन्यांना माहीत आहे. आपल्याकडे मात्र मुलगा नडगीला बाम चोळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्राउंडवर जातो. चालताना एकाच जागी बोट ठेवून 'इथेच दुखतं' असं सांगता येत असेल तर ते चोळून जाणारं दुखणं नाही, हे निदान खेळाच्या शिक्षकाला तरी माहीत असलं पाहिजे.

जाता जाता एक गैरसमज. धावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय धरतात त्याला मुलं 'लॅक्टिक ॲसिड साठलंय' म्हणतात. कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेलं असतं. लॅक्टेट तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं, काही तर हृदय स्वतःच इंधन म्हणून वापरून टाकतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं, आणि ती चढण्यापेक्षा उतरताना जास्त होते. लोहगड चढून आल्यावर मांड्या भरतात त्या चढामुळे नव्हे, भाज्याला उतरताना प्रत्येक पायरीवर स्नायू ताणले जात असताना भार पेलतात त्यामुळे. म्हणून डोंगरावर सराव करायचा तर चढ पळा, उतार चालत या.

डोंगराचा विषय निघालाच आहे तर उंचीबद्दल बोलू, कारण मावळात या बाबतीत फार भाबड्या समजुती आहेत. "आपल्याकडची हवा लोणावळ्याची, उंचावरची. इथे पळणाऱ्याचं रक्त घट्ट होतं," असं मी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे, आपला भागही त्याच्या आसपासच. थंड हवा आणि विरळ हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोणावळ्याला गारवा वाटतो तो सह्याद्रीच्या कड्याचा, पावसाचा आणि धुक्याचा.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सारखंच, सुमारे २१ टक्के. मुंबईतही तेवढंच आणि एव्हरेस्टवरही तेवढंच. हे सांगितलं की वर्गात हमखास हात वर होतो, "मग सर, वर ऑक्सिजन कमी कसा?" कमी होतो तो हवेचा दाब. वर जाल तशी डोक्यावरची हवा कमी होते, दाब उतरतो, आणि प्रत्येक श्वासात येणारे ऑक्सिजनचे रेणू कमी होतात. समुद्राकाठचा दाब १०० धरला तर आपल्याकडे तो ९३ च्या आसपास असतो. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, तिथे सुमारे ८३. लेहला, ३५०० मीटरवर, ६५ च्या आसपास. ५५०० मीटरवर निम्मा. एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश.

रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्यात असा ठळक परिणाम व्हायला साधारण २००० मीटरच्या वर, खरं तर २५०० च्या आसपास, काही आठवडे राहावं लागतं. महाराष्ट्रात एवढी उंच जागाच नाही. कळसूबाईवर कुणी मुक्काम ठोकला तरी भागणार नाही! म्हणूनच आपले लांब पल्ल्याचे धावपटू सरावाला उटीला जातात, परदेशात जातात. तेव्हा मावळच्या हवेचा अभिमान जरूर धरावा, पण तिच्या जिवावर भरती निघेल असं समजू नये.

तोंडाला लावायचा तो रबरी मास्कही याच यादीतला. त्यावर 'अल्टिट्यूड' असं लिहिलेलं असतं आणि पोरं हजार-दीड हजार घालवतात. मास्क श्वासाची वाट अरुंद करतो, हवेचा दाब कमी करत नाही. छातीच्या स्नायूंना थोडी मेहनत होत असेल, रक्तात काही घडत नाही. त्या पैशांत महिनाभर पुरतील एवढे शेंगदाणे, गूळ आणि अंडी येतात.

खऱ्या उंचीवर काय होतं याचा मोठा जाहीर प्रयोग १९६८ साली मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये झाला. शहर २२४० मीटरवर. हवा विरळ, त्यामुळे तिचा विरोध कमी. बॉब बीमनने लांब उडीत ८.९० मीटर मारली, जुना विक्रम अर्ध्या मीटरहून अधिक मागे टाकला. पण लांब पल्ल्याची दैना झाली. १० हजार मीटरचा विश्वविक्रम रॉन क्लार्कच्या नावावर होता, २७ मिनिटं ३९ सेकंद. मेक्सिकोत ही शर्यत केनियाच्या नफ्ताली तेमूने जिंकली ती २९ मिनिटं २७ सेकंदांत, आणि क्लार्क सहावा येऊन शुद्ध हरपून पडला. क्लार्क मेहनतीत कमी नव्हता. तेमू मात्र जन्मापासून उंच प्रदेशात वाढलेला होता.

उंचीवर गेल्यावर पहिला बदल श्वासात होतो, आणि तो समजायला आपल्या तालुक्यातच एक छान संदर्भ आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामची स्थापना स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. योगाबद्दल नुसती श्रद्धा न ठेवता मोजमाप करायचं, असा त्यांचा बाणा. पुढे १९६० च्या दशकात त्यांच्या संस्थेतल्या संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात माणसांना बसवून आतला ऑक्सिजन किती उतरतो, कार्बन डायऑक्साइड किती चढतो आणि माणसाला काय होतं याचा अभ्यास केला. आपल्या वडीलधाऱ्या पिढीने हे काम इथे, रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर केलं, आणि आपल्या मुलांना त्याचा पत्ता नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

श्वास रोखून धरला की काही वेळाने 'आता घेतलाच पाहिजे' अशी जी तगमग होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याची सूचना मेंदूला मिळते, पण ती त्या मानाने दबक्या आवाजात. आता लेहला विमानाने उतरलेला माणूस घ्या. ऑक्सिजन कमी म्हणून तो भरभर श्वास घेतो. भरभर श्वासाने कार्बन डायऑक्साइडही बाहेर फेकला जातो, रक्ताची आम्लता कमी होते, आणि मेंदू म्हणतो, 'पुरे, श्वास आवर.' एक यंत्रणा गाडी दामटतेय आणि दुसरी ब्रेक दाबतेय. पहिल्या रात्री झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि माणूस दचकून उठतो, तो याच ओढाताणीत. यातून वाट काढतात मूत्रपिंडं. ती रक्तातलं जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात आणि ब्रेक सैल होतो. पण या कामाला दोन-चार दिवस लागतात. मूत्रपिंडाला घाई करता येत नाही, मग तुम्ही कितीही पट्टीचे धावणारे असा.

ही गोष्ट आपल्या देशाने फार महाग किमतीला शिकली. १९६२ च्या युद्धात सपाटीवरचे जवान घाईघाईने हिमालयात चढवले गेले. नंतर सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांमधला उंचीचा आजार तपासून १९६९ साली तो प्रसिद्ध केला. हा आकडा लक्षात ठेवताना साल समजू नका, ती माणसं आहेत! फुप्फुसात पाणी होणं, मेंदूला सूज येणं, तेही तरण्याताठ्या, कवायत केलेल्या माणसांना. जगातल्या पर्वतीय वैद्यकशास्त्रात हा अभ्यास आजही सांगितला जातो. आता आपल्या सैन्याचा नियम ठरलेला आहे. २७०० ते ३६०० मीटरवर सहा दिवस, पुढच्या टप्प्याला चार दिवस, ४५०० च्या वर आणखी चार दिवस. सुट्टी कमी असो, हुकूम तातडीचा असो, दिवस कमी होत नाहीत. आणि आपल्याकडचे पर्यटक? "लेहला चार दिवसांचं पॅकेज आहे, पहिल्याच दिवशी खारदुंगला!" जिममध्ये जाणारी तरुण मुलं यात जास्त फसतात, कारण त्यांचा आपल्या दमावर विश्वास असतो. तंदुरुस्ती हे उंचीच्या आजारावरचं कवच नाही. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं बसून राहणारा आजोबा मला जास्त शहाणा वाटतो.

अविनाश साबळेचं उदाहरण इथे घ्यायलाच हवं, कारण ते भरतीच्या पोरांना जवळचं आहे आणि त्याचा चुकीचा अर्थही लावला जातो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला, सिक्कीमला राहिला. धावण्याची खरी सुरुवात त्यानंतरची, २०१५ च्या सुमाराची. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्याने रौप्य घेतलं, सोनं हुकलं ते पाच शतांश सेकंदाने. १९९८ पासून या प्रकारातली तिन्ही पदकं प्रत्येक वेळी केनियाच नेत आला होता. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली.

लोक म्हणतात, सियाचीनने त्याला घडवलं. मनाच्या कणखरपणाबद्दल म्हणत असाल तर मान्य. रक्ताबद्दल म्हणत असाल तर नाही. उंचीवर वाढलेल्या जादा तांबड्या पेशी खाली उतरल्यावर काही आठवड्यांत ओसरतात. २०१३ चं सियाचीन २०२२ ला बर्मिंगहॅमला कामाला येत नाही. कामाला आली ती मधली सात वर्षं, रोजची, एकावर एक रचलेली, आणि पुढे उटी, कोलोराडो अशा ठिकाणी ठरवून, मोजून केलेला उंचावरचा सराव. साठ दिवसांत भरती मारायला निघालेल्या मुलाने साबळेचा फोटो स्टेटसला जरूर ठेवावा, पण त्याची ही सात वर्षंही मोजावीत.

आता मला सगळ्यात जास्त बोचणारा मुद्दा. तो मुलींचा आहे.

उंचीवर तांबड्या पेशी वाढतात, व्यायामाने तंतुकणिका वाढतात, हे सगळं बांधकाम करायला सामान लागतं, आणि त्यातलं एक मुख्य सामान म्हणजे लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! एक साधा हिशोब करू, आठवीच्या मुलीलाही जमेल असा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. एका मुलीचं हिमोग्लोबिन १३ आहे. आपल्या गावात तिचं रक्त ९७ टक्के भरलेलं असतं, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १७ मिलिलिटर ऑक्सिजन. तिला विमानाने लेहला नेलं आणि तिथे तो आकडा ८८ टक्क्यांवर उतरला, तरी तिच्या रक्तात साधारण १५ मिलिलिटर ऑक्सिजन राहतो. आता दुसरी मुलगी, हिमोग्लोबिन ९, गावातच बसलेली, बोटाला लावायचं यंत्र ९७ दाखवतंय, सगळं ठीक. तिच्या रक्तात ऑक्सिजन किती? जेमतेम पावणेबारा मिलिलिटर.

म्हणजे इथे, नवलाख उंबऱ्यात, सपाट मैदानावर उभी असलेली ही मुलगी पहिल्या दिवशी लेहला उतरलेल्या धडधाकट मुलीपेक्षा कमी ऑक्सिजन घेऊन धावतेय. आणि आपण मैदानाच्या कडेला उभं राहून म्हणतो, "चल गं, आळशीपणा करू नकोस." प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडणारी, जिना चढताना मध्येच थांबणारी, 'सर, मी खेळत नाही' म्हणून कडेला बसणारी मुलगी आळशी आहे की तिचं रक्त कमी आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. बोटाच्या थेंबभर रक्ताने कळतं. ते कळेपर्यंत तिला आळशी म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती किती मुलींच्या पोटात जाते आणि किती खिडकीबाहेर, हे प्रत्येक वर्गशिक्षिकेला ठाऊक आहे. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, शौचाला काळं होतं, मग घरी सांगतात 'ती गोळी बाधते'. त्यात मुली सकाळी चहा-खारीवर आलेल्या असतात. चहातलं टॅनिन लोह अडवतं, म्हणून गोळी आणि चहा यांच्यात तासा-दोन तासांचं अंतर हवं. पोषण आहाराच्या खिचडीनंतर गोळी दिली आणि वर लिंबाची फोड किंवा आवळा दिला तर मळमळ कमी होते आणि लोह अंगी लागतं. आपल्या मावळात इंद्रायणी भात रोजचा, तो सुवासिक आहे पण लोहाला तुटपुंजा. सोबतीला पालेभाजी, मटकी, अंडं, जमत असेल त्या घरी सुकट-मटण हवं. मुलाला भरतीची तयारी म्हणून अंडी आणि मुलीला 'तुला काय पळायचंय?' हा न्याय मला अनेक घरांत दिसतो. पालकहो, ८०० मीटर तिलाही पळायचंय, आणि त्याच २० गुणांसाठी.

मला कल्पना आहे, काही सहकारी म्हणतील, "सर, हे सगळं बरोबर, पण वेळ कुठाय? निकाल लागला नाही तर जबाब आम्हालाच द्यावा लागतो." वेळेची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण जे मी मागतोय त्याला फार वेळ लागत नाही. शारीरिक शिक्षणाचा तास आठवीपासून दहावीपर्यंत कुणी उचलायचा नाही, एवढीच पहिली मागणी. तीन वर्षं आठवड्याला दोन-तीनदा हळू धावलेल्या मुलाचं हाड अठराव्या वर्षी तयार असतं, मग भरतीआधीचे तीन महिने फक्त वेगाचे उरतात. दुसरी, जूनमध्ये शाळा उघडली की वजन-उंचीबरोबर हिमोग्लोबिनही तपासून घ्यायचं. आरोग्य पथक शाळेत येतंच, त्यांना आग्रहाने सांगायचं. तिसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. कारखान्यांच्या गावांना कर मिळतो, त्यातून मातीचा एक चारशे मीटरचा ट्रॅक का होऊ नये? सभागृहं खूप झाली.

आणि श्वसनाचा पाठ मी वर्गाबाहेर घेतो, तसा कुणालाही घेता येईल. इंदोरीजवळचा भंडारा डोंगर किंवा घोरवडेश्वर, जो जवळ पडेल तो. पायथ्याला नाडी मोजायची, वर पोहोचताच मोजायची, मग बसून एका मिनिटाने आणि दोन मिनिटांनी पुन्हा. वर पोहोचल्यावरचा आकडा बहुतेकांचा सारखाच, दीडशेच्या पुढे. फरक पडतो तो दोन मिनिटांनंतर. रोज खेळणाऱ्याची नाडी झपकन उतरते, कडेला बसणाऱ्याची रेंगाळते. मुलं आपापल्या वहीत बघतात आणि काही बोलावं लागत नाही. जूनमध्ये एकदा आणि फेब्रुवारीत एकदा असं केलं की वहीची दोन पानं शेजारी ठेवून बघता येतात.

जे या वर्षी ग्राउंड देणार आहेत त्यांच्यासाठी तीन गोष्टी राहिल्या. जर्किन आणि प्लास्टिक काढून टाका. त्याने चरबी जात नाही, पाणी जातं, आणि घाम वाळला नाही तर अंग तापत राहतं. २०२४ च्या भरतीत धावताना उमेदवार कोसळल्याच्या आणि दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. दमट हवेत ग्राउंड असेल तर आदल्या दिवसापासून पाणी, चिमूटभर मीठ-साखरेसह. दुसरं, आठवड्याचं अंतर वाढवायचं ते थोडं थोडं, आणि दर चौथ्या आठवड्याला ते मुद्दाम कमी करायचं, म्हणजे हाडाला भरणी करायला उसंत मिळते. जमेल तितकं मातीवर पळा, एमआयडीसीचा सिमेंट रस्ता गाड्यांसाठी आहे. तिसरं, धावताना छातीत दाबल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर धावायचं थांबवून आधी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात निघते.